दुसऱ्या वर्षाचं भाषण

४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या सहावीच्या वर्गाने अपूर्णांकांत याही वर्षी दिवे लावलेले दिसतात. बाबांचा गुडघा कसा आहे? व्यायाम करत नसतील तर माझं नाव सांगून रागव.

इथली फेलोशिप संपत आली. ‘विविधता आणि शिक्षण’ म्हणे! कालच्या दिवसाची इतकी शिसारी आली की जेवण गेलं नाही. सकाळी फोटो. सगळ्यांना आपापल्या देशाचे कपडे घालून बोलावलं होतं. फोटोवाला आम्हाला कापडाच्या ताग्यांसारखं रंग बघून लावत होता. गोरे मागे, सावळे पुढे. मग खुर्च्यांचं वर्तुळ. शिकताना काय सोसलं ते प्रत्येकाने सांगायचं, आणि जो रडेल त्याच्याकडे कागदी रुमालांचा डबा सरकवायचा. आई, तो डबा बघून लोक आपापली दुःखं फुगवत होते गं! माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की माझी आई गणित शिकवते, मला शाळेत जायला कोणी अडवलं नाही, उलट मीच पोटात दुखतंय म्हणून घरी राहायचे. संयोजकबाईंचा चेहरा पडला.

संध्याकाळी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. समारोपाचं भाषण मी करायचं, कारण मी बोलते चांगली. भाषण त्यांनीच लिहून ठेवलं होतं. त्यात तू निरक्षर! तुला लहानपणी शाळेतून काढलं आणि आता मी तुला अक्षरं गिरवायला शिकवते. मी म्हटलं, हे धडधडीत खोटं आहे. त्या म्हणाल्या, अशा लाखो आया आहेत, त्यांच्या वतीने बोल. वर हेही सुनावलं की जो भाषण करतो त्यालाच फेलोशिपचं दुसरं वर्ष मिळतं. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशी मुलं वाचायला कशी शिकतात, हे माझं काम अर्ध्यावर आलंय. ते वर्ष मला हवंय, आई. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. काय करू?

बाबांना सा. न. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
भिंगरी


११ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. तुझे बाबा मात्र पोट धरून हसले, आणि सकाळपासून मला पेपर वाचून दाखवू का म्हणून विचारताहेत. गुडघा आखडलाय, जीभ ठणठणीत आहे.

अगं, जिला खरोखर शाळेतून काढलं तिला त्या मंचावर का नाही बोलावत? तिचं दुःख उसनं आणून मिरवायचं आणि त्यावर टाळ्या घ्यायच्या! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ही. तोंडावर नाही म्हण. वर्ष गेलं तर गेलं. तू एरवी भिंगरीसारखी फिरतेस, या बाबतीत मात्र पाय घट्ट रोव.

तब्येत सांभाळ. आमचा जीव तुझ्यापाशीच असतो.

तुझी,
आई


२ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी नाही म्हटलं. पण भाषण वाया गेलं नाही. माझ्या खोलीतली उंचाडी आहे ना, तेच भाषण संयोजकबाईंनी तिला दिलं. तिची आई डोळ्यांची डॉक्टर आहे, आणि हे संयोजकबाईंना पक्कं ठाऊक होतं.

काल समारोप झाला. लेकीला चकित करायचं म्हणून त्या डॉक्टरबाई न कळवता आल्या होत्या. उंचाडी ‘माझ्या आईला सही करता येत नाही’ या वाक्यापाशी आली आणि पहिल्या रांगेत तिला आई दिसली. थांबली, पांढरीफटक पडली, आणि पुढे वाचू लागली. संयोजकबाईंची अक्कल बघ! ती माउली इथेच आली आहे असं जाहीर करून त्यांनी डॉक्टरबाईंना कोपराला धरून मंचावर नेलं आणि एकेक शब्द तोडून, मोठ्याने विचारलं, अभिमान वाटतो ना? संयोजकबाई बोलत होत्या ती भाषा डॉक्टरबाईंना अस्खलित येते. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि हात जोडून गप्प उभ्या राहिल्या. सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं, डोळे पुसत होतं. मी बाहेर निघून आले.

उंचाडीला वर्ष मिळालं. खोलीत ती माझ्याशी बोलत नाही. मी पुढच्या आठवड्यात घरी येतेय, काम अर्धवट टाकून. पण मला एकच कळत नाही, त्या बाई बोलल्या का नाहीत? एक वाक्य पुरलं असतं.

बाबांना सा. न. येईपर्यंत लोभ राखून ठेव.

तुझी,
भिंगरी


७ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

कामाचं वाईट वाटलं. तू आलीस की बघू, आपल्या शाळेतही घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं आहेत. बाबा गाडीवर तुला आणायला येणार म्हणून हटून बसलेत, गुडघ्याचं नाव काढू देत नाहीत.

त्या बाई का बोलल्या नाहीत, विचारतेस. वर्ष गेलं तर गेलं, असा तोरा मी घरात बसून मिरवला. पण तू माईकपाशी उभी असतीस, तुझं वर्ष माझ्या एका वाक्यावर अडलेलं असतं, तर मीही मान खाली घातली असती. अंगठा लाव म्हणाले असते तर तोही लावला असता. माझीच मला किळस आली असती, तरी लावला असता. तू मला तिथे उभं केलं नाहीस, बाळा.

ये लवकर. आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला थोडे जास्त.

तुझी,
आई