मसाल्याच्या बाटलीतली रिबीन

बाई,

काल नातीसाठी निळी रिबीन आणायला गेले होते. तिच्या शाळेत कसलंसं संचलन आहे. दुकानातल्या माणसानं विचारलं, "किती देऊ, आजी?" आणि माझ्या तोंडून गेलं, "नऊ वार." तो बघतच राहिला. वार म्हणजे काय, हे त्याला कुठून ठाऊक असणार. मी उगाच त्याच्यावर डाफरले आणि एक मीटर घेऊन घरी आले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. चूक माझी असली की आवाज आधी माझाच चढतो. घरी येऊन चहा केला, तो समोर निवून गेला तरी मी तशीच बसले होते. तुम्ही जाऊनही आता चाळीस वर्षं व्हायला आली. तेव्हा जे सांगितलं नाही ते आज कागदावर उतरवून बघते आहे.

तुम्ही चालवायचात त्या चर्चमधल्या मुलींच्या संघात तेव्हा चौदा वर्षांखालची कुणी नसायची. अल्टारची फुलं, सणाआधीची झाडलोट, रविवारच्या उपासनेची, मिस्सेतली गाणी, एवढं आमचं काम. अंधेरीचं आमचं गावठाण भातशेतांच्या मधोमध होतं आणि चर्चला सगळे देऊळच म्हणत, शाळेत मराठी शिकवणाऱ्या तुम्हीसुद्धा. त्या वर्षी तुम्ही ठरवलंत की आठ-नऊ वर्षांच्या मुलींनाही संघात घ्यायचं. आम्ही नाकं मुरडली. कुणीतरी म्हणालं, "बाई, ही शेंबडी पोरं सांभाळायची कुणी?" तुम्ही म्हणालात, "ज्यांची नाकं मुरडून झाली, त्यांनी आता यांची पुसायची." लहान मुली बारा होत्या. बारा मोठ्यांनी एकेकीला पदरात घ्यायचं, हा तुमचा शब्द. आम्ही फ्रॉक घालणाऱ्या, पदर होता कुणाला? त्यावर आम्ही दोन दिवस हसत होतो. पदरात घ्यायचं म्हणजे दर रविवारी मिस्सा झाली की तिला आपल्या घरी न्यायचं, प्रार्थना पाठ करून घ्यायच्या आणि घरात जे शिजलं असेल ते आपल्याबरोबर बसवून वाढायचं. मग तुम्ही वाटणी केलीत. शेवटची मुलगी उरली, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणालात, "हिला तू घे." मी म्हणाले, "हो बाई." तुम्हाला नाही म्हणायची आमची छाती नव्हती.

ती कुणाची मुलगी होती हे सगळ्या गावठाणाला माहीत होतं. बाप बोटीवर गेला तो परत आलाच नाही. आई रोज सकाळी गोरेगावला स्टुडिओत जायची, नायिकेच्या मागं नाचणाऱ्या बायकांत. तिला तिच्या नावानं कुणी हाक मारत नसे. ती शिनेमावाली. विहिरीवर ती आली की बायकांचं बोलणं थांबायचं, आणि आम्ही मुलीही आमच्या कळश्या बाजूला सरकवायचो. का सरकवायचो, हे कधी विचारलं नाही.

घरी मी शनिवारी दुपारी सांगितलं. आई सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "त्या शिनेमावालीची पोर माझ्या घरात जेवायला बसनार? आनि उद्या मनोरीची मानसं येतान, ते तुला ठाव हाय ना?" ठाऊक होतं. माझ्या मोठ्या बहिणीला दोन ठिकाणांहून नकार आला होता. हे तिसरं स्थळ, आणि ते रविवारी मिस्सेनंतर आमच्याकडे येणार होते. आई म्हणाली, "ती मानसं विचारतील ना, ही कोनाची गो? काय सांगू मी त्यांना? हे मोडलं तर तुझी बहीन जन्मभर चुलीपाशी बसंल, आनि ते तुझ्यामुलं." आई वाईट नव्हती हो, बाई. ती भ्याली होती. बहीण आत इस्त्री करत होती, तिनं सगळं ऐकलं.

रविवारी संघात घेताना प्रत्येकीच्या गळ्यात निळी रिबीन बांधून फादर तिला पदक अडकवणार होते; त्या रिबिनी कापायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. नऊ वारांची गुंडाळी माझ्या हातात देताना म्हणाला होतात, "पाऊण वाराची एक. बारा होतील, बोटभरसुद्धा उरणार नाही." मी जमिनीवर बसून अकरा कापल्या. उरलेला पाऊण वार हातात धरून बसले. तुम्हाला नाही म्हणायचं नव्हतं, आईला दुखवायचं नव्हतं, बहिणीचं वाटोळं करायचं नव्हतं. मग मला वाटलं, एक रिबीन कमी पडली तर फादर पदक अडकवणार कशाला? तुम्हीच म्हणाल, हिचं पुढच्या रविवारी बघू, म्हणजे घरी न्यायचंही तेव्हाच. तोवर मनोरीची सोयरीक पक्की झालेली असेल. फक्त एका रविवारचा तर प्रश्न. आमच्याकडे घरोघरी वर्षाचा मसाला बाटल्यांत ठासून भरतात, तो बाटली मसाला; त्याचीच एक रिकामी बाटली फळीवर होती, काळ्या काचेची. मसाला संपला होता, पण आतून काचेला तो चिकटलेला होताच. लाटण्याच्या टोकानं काही ती आत जाईना, तेव्हा विणायच्या सुईनं ढकलून ढकलून मी रिबीन त्या बाटलीत कोंबली आणि बूच लावलं. आपण फार हुशार आहोत असं मला वाटलं.

रविवार. अकरा पांढरे सुती फ्रॉक आणि रांगेच्या शेवटी एक चकचकीत सॅटिनचा. तिच्या आईनं तो स्टुडिओतल्या कुठल्याशा जुन्या झग्यातून बेतला असावा. जवळून बघितलं तर टिकल्या उसवल्याच्या बारीक भोकांच्या रांगा दिसतात. एकेक टिकली उसवायला किती वेळ बसली असेल ती बाई. ती मागं, दाराजवळच्या पवित्र पाण्याच्या भांड्यापाशी, डोक्यावरून पदर घेऊन उभी आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी आहे. मी माझ्या बुटांकडे बघते. तुम्ही तबक हातात घेता. ओठ न हलवता रिबिनी मोजता. पुन्हा मोजता. मग माझ्याकडे बघता आणि म्हणता, "बरं."

तुमच्या त्या "बरं"ला आम्ही छडीपेक्षा जास्त भीत असू.

फादरना पुढच्या गावात दुसरी मिस्सा होती, ते घड्याळ बघत होते. तुम्ही म्हणालात, "फादर, एक कमी आहे." फादर म्हणाले, "मग अकरा जणींना देऊ या. तिचं पुढच्या रविवारी." अगदी माझ्या मनातलं बोलले. मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी ती मुलगी दिसली. तिनं मान खाली घातली नाही की रडली नाही. रांगेतून एक पाऊल मागं सरकली, एवढंच. कुणी सांगायच्या आधीच. तिला ते पाऊल पाठ होतं.

"नाही, फादर," तुम्ही म्हणालात. "एकत्र शिकल्या, एकत्रच घेऊ. बारा होईपर्यंत कुणालाच नको." मग सगळ्यांसमोर मला, "तुझ्या घरी राहिली असेल. जा, घेऊन ये. आम्ही इथं उभ्या आहोत."

मी धावले. देवळापुढच्या क्रुसापासून आमच्या घरापर्यंत दोन शेतांचे बांध. एवढ्या वेळात मनात शंभर गोष्टी आल्या. मिळाली नाही म्हणून सांगावं, उंदरानं नेली म्हणावं, पाय मुरगळला म्हणून बांधावरच बसून राहावं. ओटीवर मनोरीची माणसं आलेली होती, मुलाचे वडील आणि मुलाची आजी. आजी म्हणजे लाल लुगडं, हातभर बांगड्या आणि सगळ्या घरावरून फिरणारी नजर. मी त्यांच्यासमोरून वाकून आत घुसले. आई पाहुण्यांसाठी फुगे, आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळत होती. बहीण नव्या साडीत, अंबाड्यात अबोली माळून, भिंतीशी उभी होती. मी फळीवरची बाटली काढली, बूच उडवलं, बाटली उलटी करून आपटली. रिबीन येईना. बोट जाईना. विणायची सुई सापडेना.

आईनं आधी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं. मी काय केलं होतं तेही, आणि आता काय मोडायला निघाले होते तेही. हळू आवाजात म्हणाली, "ठेव ती."

मी ठेवली नाही, पण रिबीन काढूही शकत नव्हते. तेवढ्यात बहिणीनं अंबाड्यातला आकडा ओढला आणि माझ्यापुढं धरला. आईकडे न बघता. तिचा अंबाडा एका बाजूला सैल झाला, अबोली खाली आली. बाई, ज्या मुलीच्या जन्माचा प्रश्न होता, तिनं तो आकडा दिला. मी सख्खी बहीण, पण तिच्या जागी असते तर दिला असता की नाही, सांगवत नाही.

आकड्यानं रिबिनीचं टोक धरलं आणि ती हळूहळू बाहेर आली, लालसर डाग पडलेली, चुरगळलेली. आणि त्याच वेळी दारात मनोरीची आजी. पाणी मागायला आले म्हणाली. स्वयंपाकघर बघायला आली होती. "कसली गो घाई?" मी म्हणाले, "देवळात लहान मुलींना संघात घेतात, एक रिबीन कमी पडली." "मंग कोनाची पोर रायली?"

कढईत फुगा करपत होता. आईचा झारा हवेतच. शनिवारी तिनं मला जो प्रश्न सांगितला होता, जवळजवळ तोच. मी तोंड उघडलं. त्या शिनेमावालीचं नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

"माझी," मी म्हणाले.

म्हातारी हसली. "तुझी? केवढीशी गो तू! मंग पल, उबी असंल बिचारी." मी पळाले.

देवळात सगळे खरोखरच उभे होते. फादरसुद्धा. तुम्ही रिबीन हातात घेतलीत, नाकाशी नेलीत आणि तबकात ठेवून तबक माझ्यापुढं केलंत. मी ती तिच्या गळ्यात बांधली, फादरनी पदक अडकवलं, आणि ती शिंकली. एकदा नाही, तीनदा. मग मागून कुणीतरी हसलं, फादर हसले, सगळं देऊळ हसलं. दाराजवळची तिची आईसुद्धा. पोर माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, हिला जेवणाचा वास येतोय." मला हसू आलं नाही. सगळ्या बायकांना तो वास कळला होता. प्रत्येकीच्या घरात तीच बाटली होती.

नंतर अल्टारवरची चादर तुमच्याबरोबर घडी करताना मी वाट बघत होते, आता बोलाल, मग बोलाल. चादरीची टोकं जुळवत तुम्ही एवढंच म्हणालात, "नऊ वार मी मोजून आणली होती." मी घडीवरून हात फिरवत राहिले. "बरं," तुम्ही म्हणालात आणि चादर कपाटात ठेवलीत. त्यानंतर कधीच नाही. तुम्ही दोन मुस्काटात दिल्या असत्या तर मी तिथल्या तिथं रडून मोकळी झाले असते.

सोयरीक जमली. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाहुणे होते म्हणून त्या दिवशी मुलीला घरी नेलं नव्हतं; पुढच्या रविवारी मी तिला घेऊन आले तेव्हा आतूनच म्हणाली, "तिला सांग, मागल्या दारानं ये." ती वर्षभर मागच्या दारानं आली, मागच्या पायरीवर बसून जेवली, आणि मी तिच्याशेजारी. हे मी तुम्हाला कळू दिलं नाही. तुम्ही विचारायचात, "जेवते ना गं नीट?" मी म्हणायचे, "हो बाई." बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मनोरीच्या आजीनं पायरीवर तिला बघितलं आणि विचारलंच, "ही कोनाची?" आईनं पीठ मळता मळता माझ्याकडे हनुवटी उडवली. "हिची." आणि मग, जरा वेळानं, मुलीला, "आत बस गो, तिथं ऊन येतं."

त्या मुलीला जवळ केलं म्हणून लोक नंतर म्हणायचे, मी धीराची. तुम्हीही एकदा तसं म्हणाला होतात. धीर कसला, बाई. मला तिच्या आईचं नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून मी "माझी" म्हणाले. ते खोटं होतं. ते पुढं खरं झालं, यात माझा काही पराक्रम नाही. तुम्ही आजारी होतात तेव्हा हे सांगायला आले होते. तासभर बसले आणि नळाच्या पाण्याबद्दल बोलून परत गेले.

ती आता बोरिवलीला असते, तिला नातवंडं आहेत. अजून मला ताई म्हणते, दर रविवारी दुपारी येते, पुढच्या दारानं. गेल्या वर्षी जेवता जेवता तिनं विचारलं, "ताई, त्या दिवशी माझीच रिबीन कशी गं कमी पडली?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिला अजून ते एक पाऊल मागं सरकणं आठवतं, हे मला तेव्हा कळलं. आणि मी वाटीत आमटी वाढत म्हणाले, "बाईंनीच कमी आणली होती. त्यांना मापं कुठं कळायची." ती हसली. "वाटलंच मला," म्हणाली.

तुम्ही मोजून आणली होती. नऊ वार, बोटभरही कमी नाही. ती रविवारी येईल, तेव्हा तिला सांगेन. गेल्या रविवारीही मी असंच ठरवलं होतं.