काहीच तक्रार नाही

४ मार्च
शहराच्या रुग्णवाहिका सेवेत समाधान अधिकारी म्हणून आज रुजू झाले. खोली हवेशीर, खिडकी मोठी. घर जवळच, त्यामुळे आईच्या दुबळ्या हृदयावर लक्ष ठेवता येईल. बऱ्या झालेल्या रुग्णांना दूरध्वनी करून सेवेविषयी विचारणे, एवढेच काम. आधीच्या गृहस्थांचे प्रश्न इतके गचाळ, की दुपारपर्यंत सगळे नव्याने लिहून काढले. मन प्रसन्न आहे.

७ मार्च
उत्तरांची किळस येऊ लागली आहे. गाडीची वाट पाहून जिची शुद्ध हरपली ती बाई, ज्यांना जिन्यात स्ट्रेचरवरून पाडले ते आजोबा, सगळ्यांचे एकच: काहीच तक्रार नाही. आणि त्याआधी ओठ चाटल्यासारखा ओला आवाज. पढवलेले पोपट, दुसरे काय!

१० मार्च
आमच्या भागात फिरणारी जुनी गाडी तपासली. आत नासलेल्या दुधाचा वास. चालक म्हणाला, मॅडम, इथं येताना नाक खुंटीला टांगून यायचं. परिचारिकेने बजावले, गादीला हात लावू नका. तिच्यावर निजलेला माणूस पुन्हा कधी कुरकुरत नाही. चालकाने दुजोरा दिला: माझ्या सासूला एकदा नेलं, तेव्हापासून घरात शांतता आहे.
असल्या भाकडकथा मला खपत नाहीत. मी गादी दाबली. ती कोमट होती. हाताखाली तिने ओठ चाटले. उजव्या तळव्यावर पिवळट चिकटा आला आहे; घासूनही जात नाही.

११ मार्च
ही गाडी बंद झालीच पाहिजे. उद्या आईलाच न्यायला आली तर? साहेबांपुढे सगळे सांगायला तोंड उघडले आणि गाडी उत्तम आहे असे मीच म्हणाले. आधी ओठ चाटून. साहेब खूश: तुमच्यासारख्या खाष्ट बाईचं समाधान झालं, म्हणजे आपण जग जिंकलं!

१३ मार्च
चिकटा कोपरापर्यंत. कातडीखाली काहीतरी मऊ, तृप्त, सरपटते. उजवा हात फक्त स्तुती लिहितो, म्हणून हे डाव्याने. काय हे अक्षर! शी. आई विचारते, हल्ली कशालाच नावं ठेवत नाहीस, बरी आहेस ना? मी म्हणाले — मी नाही, ते म्हणाले —

१४ मार्च
आई कोसळली. शेजाऱ्यांनी बोलावली. तीच गाडी, दारात. परिचारिका कानाशी म्हणते, फक्त नको म्हणा, दुसरी मागवते. तोंडातून नको निघत नाही. नुसती जीभ ओठांवर — म्हणून ही वही तिच्यापुढे धरते आहे. बाई, वाचा. आईला त्या गादीवर —
डावा तळवा ओला —
आईला त्या गादीवर निजवू न
निजवा. छान, मऊ गादी आहे. काहीच तक्रार ना