उलट्या लाकडाचे दार

॥ श्री ॥

मी, राहीबाई कोम नाथाजी घाडगे, वय पंचावन्नच्या आसपास, धंदा मोलमजुरी व घरकाम, राहणार उंब्रज, तालुका कराड, जिल्हा सातारा, हे माझे मृत्युपत्र दिवसाउजेडी, माझ्याच ओट्यावर बसून, माझ्याच हाताने लिहिते. लिहून देणारा कोणी नाही आणि कानात सांगणाराही कोणी नाही. बुद्धी ठिकाणावर आहे असे लिहावे लागते, असे धनपाल मास्तर म्हणाले. नुसते लिहून काय होते? कालच मी स्टुलाचा चौथा पाय तासून बसवला. मास्तर आता त्याच स्टुलावर बसले आहेत आणि ते डुगडुगत नाही. बुद्धीचा दाखला हाच समजावा.

ही शाईसुद्धा घरची आहे, हिरडा आणि हिराकस उकळून केलेली. मास्तर मला वाचून झालेली मासिके देतात, त्यात कृती होती. पुढेमागे अक्षर फिके पडले तर मासिकाला बोल लावू नये. माझे हिरडे जरा ओले होते.

वाचायला मी माझ्या मुलाबरोबर शिकले. आकाराम शाळेतून आला की त्याची पाटी पुसायच्या आधी मी वाचायची. तो पहिलीत होता तेव्हा मीही पहिलीत होते. पुढे तो मराठा पलटणीत गेला आणि इटालीच्या लढाईत पडला. त्याचे वडील त्याच्या लहानपणीच तापाने गेले होते. या दोघांविषयी एवढेच लिहिते. जास्त लिहायला बसले तर बाकीचे राहून जाईल.

यंदा दिवाळीला कौले चाळायला चढले तेव्हा धाप लागली. मरणाची मला घाई नाही, पण कागद करून ठेवलेला बरा.

कलम पहिले. जमीन. ती एकत्रात आहे आणि माझे दीर नानासो घाडगे ती कसतात. तिच्याविषयी मला काही लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

कलम दुसरे. घर. हे माझे स्वतःचे आहे. माझ्या बापाने मला घातलेली पुतळ्यांची माळ मोडून मी ही पडकी जागा घेतली. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावाचे आहे. पूर्वेला हमरस्ता, पश्चिमेला धोंडुबाईचे परसू, दक्षिणेला ओघळ, उत्तरेला कुंभाराची मोकळी जागा. नानासोंचा यात पैचा संबंध नाही. त्यांचा संबंध एवढाच, की नवरा गेल्यावर त्यांनी मला आणि आकारामला गोठ्याशेजारची खोली दिली आणि पावसाळ्यात तीत म्हशीही बांधल्या.

या घराच्या कच्च्या विटा मी पाडल्या. मातीत किती भुसा घालायचा हे पहिल्या शंभर-दीडशे विटा फुटल्यावर समजले. भिंती मी आणि आकारामने रचल्या. तो ओळंबा धरायचा, मी वीट ठेवायची. ओळंबा म्हणजे सुताच्या टोकाला बांधलेला नदीतला गोटा. मागची भिंत जरा पोटात आली आहे, पण ती आम्ही पहिल्यांदा बांधली. पुढची पाहावी.

दाराला मात्र सुतार पाहिजे होता. मी कोंडीबा सुताराकडे गेले. तो म्हणाला,

"वयनी, खळं तुमचं वायलं न्हाई. बलुतं मला नानासोंच्या खळ्यावर मिळतंय. त्यांनी हो म्हटल्याबिगर म्या तुमच्या दाराला हात लावला, तर सुगीला मला सूप रिकामं घिऊन यावं लागंल."

मी नानासोंना विचारले. ते म्हणाले, "घर तुमचं, मंग सुतार आमचा कसा?"

यात कोंडीबाची चूक नव्हती. गावची रीतच तशी. ज्याच्या खळ्यावर धान्य घ्यायचे, त्याच्याच घरचे काम करायचे. मला खळेच नव्हते, म्हणून सुतारही नव्हता. मग मी कराडच्या बाजारातून करवत, लाकूड तासायचा वाकस आणि रंधा आणला. तारळी नदीच्या पुरात पडलेली एक बाभूळ होती. काठ ज्याचा, त्याच्या शेतात तिच्या मोबदल्यात भांगलण केली. बाभूळ तासताना हाताला असे फोड आले, की भाकरी थापता येईना. आठवडाभर आकारामने थापल्या. त्या जाड असत. पण चौकट मी केली, फळ्या मी जोडल्या आणि दार लागले. पहिल्या दिवशी मी ते कितीदा उघडले आणि लावले, हे धोंडुबाई अजून हसत सांगते.

दार ठेंगणे आहे. लाकूड पुरले तेवढे झाले.

कलम तिसरे. चौकट. हे कलम घर घेणाऱ्याने नीट वाचावे.

दार बसल्यावर महिन्याभराने कोंडीबा रस्त्याने जाताना थांबला. चौकटीवर त्याने हात फिरवला आणि म्हणाला,

"वयनी, डाव्या अंगाचं लाकूड उलटं बसलंय."

"उलटं म्हंजी?"

"बुंधा वर गेलाय, शेंडा खाली. झाड जसं वाढलंय तसंच दारात हुबं करत्यात. उलटं लावलं तर घराची वाढ उलटी हुती, आसं आमचा म्हातारा सांगायचा."

"आन काढलं तर?"

"भित्ताड खाली यील."

"मंग ऱ्हाऊ द्या उलटं."

तो गेला, पण बोलणे गावभर झाले. आकाराम पलटणीत नाईक झाला तेव्हा दाराचे कोणाला आठवले नाही. शालू सून म्हणून या दारातून आत आली तेव्हाही नाही. तार आली आणि सगळ्यांना एकदम आठवले.

तेराव्याला भावकी जमली होती. नानासो ओट्यावर उभे राहून म्हणाले, "सांगून ऐकलं न्हाई. बाईमाणसानं हत्यार धरलं, उलटं दार लावलं, त्या दारानं पोरगं खाल्लं." आणि त्यांनी आपल्या घरून पहार आणवली.

ती पहार कोणी उचलावी? शालूने. विशी-बाविशीची पोर, डोक्यावरचा पदरही सावरलेला नव्हता. "आत्याबाई, सरका," म्हणाली, "हे दार मला डोळ्याम्होरं नगं." आणि तिने चौकटीत पहार घातली. तो वण डाव्या लाकडावर अजून आहे.

मी तिला धरले नाही. मी कोंडीबाला हाक मारली. तो गर्दीत मागे उभा होता.

"कोंडीबा, खालच्या आळीचा गुंडा आकारामसंगं पलटणीत गेला, त्याच्या घरचं दार कुणी केलं?"

"म्याच."

"लाकूड सुलट?"

"सुलट, वयनी."

"गुंडा आला का माघारी?"

मी पुढे म्हटले,

"उंब्रजची, मेढ्याची, लोणंदची लय पोरं गेली. त्या समद्यांच्या घरची दारं म्या केली व्हती का? तुमी आन तुमच्या भावकीनं केली. सुलट लाकडाची, म्हूर्त बघून. मंग ती पोरं कुणाच्या दारानं खाल्ली?"

कोंडीबा पुढे आला, शालूच्या हातातून त्याने पहार काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग फेट्याच्या शेवाने तोंड पुसून खाली बसला. नानासो जेवण न करता गेले. त्यांचे पान शालूने गाईला घातले.

म्हणून लिहिते, की हे घर जो कोणी घेईल, वापरील, दुरुस्त करील, त्याने वासे बदलावेत, कौले बदलावीत, मागची भिंत पाडली तर मी आभारी राहीन. पण चौकट काढू नये. माझ्या मुलाच्या मरणाचा दोष मी त्या लाकडावर येऊ दिला नाही. माझ्यामागेही कोणी आणू नये.

कलम चौथे. हत्यारे. करवत, वाकस, रंधा, गिरमिट, दोन हातोड्या आणि कानस, सगळे शालूचे. तेराव्यानंतर दुसऱ्या महिन्यात ती एकदा माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, त्या वणात काय तरी भरा की. बघवत न्हाई." मी म्हटले, "तूच भर." भुसा आणि डिंक कालवून तिने तो भरला. तिथून तिचा हात बसला. स्वयंपाकघरातली खिडकी तिने एकटीने केली आहे. माझ्या दारापेक्षा ती चांगली आहे. पावसाळ्यातही अडत नाही. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, कारण तिची मान आधीच ताठ आहे. येथे लिहून ठेवते.

एक पटाशी यातून वगळली. ती कोंडीबाची आहे. खिडकीचे काम चालू असताना एका सकाळी ती उंबऱ्यावर ठेवलेली सापडली. कोणी ठेवली हे त्याने कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. माझ्यामागे ती त्याला परत द्यावी, धार लावून.

कलम पाचवे. किरकोळ. कोंबड्यांचे खुराडे धोंडुबाईला. तिच्या कोंबड्या तसेही त्यातच निजतात. स्टूल धनपाल मास्तरांना. मासिकात वाचून केलेला साबण पोत्यात आहे. तो आजतागायत आळलेला नाही. ज्याला धीर असेल त्याने न्यावा.

नानासोंना त्यांची पहार. ती कोणी न्यायला आले नाही, म्हणून तिनेच मी परसात खांबांचे खड्डे काढले आणि त्यावर मांडव घातला. टोक झिजले आहे ते कामाने झिजले आहे.

वाकळ कोणाला नाही. तिचा वरचा पदर यांच्या धोतरांचा आहे आणि आतले तुकडे आकारामच्या सदऱ्यांचे. टाके दाट आहेत. ती माझ्यावर घालावी आणि माझ्याबरोबरच जाऊ द्यावी.

कलम सहावे. घर कोणाला. येथपर्यंत आल्यावर हे सांगायला नको, तरी कायद्यासाठी सांगते. दुसऱ्या कलमात लिहिलेले घर, परसू आणि मांडव यांसह, माझी सून शालूबाई कोम आकाराम घाडगे हिला, संपूर्ण मालकीने.

आता मुख्य गोष्ट. लोणंदच्या स्टेशनात पॉइंटमन असलेल्या सिद्धूकडून शालूला विचारणे आले आहे. त्याची पहिली बायको वारली. माणूस दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा दारात कपाळ आपटले, दुसऱ्यांदा आठवणीने वाकला. एवढ्यावरून मला तो पसंत आहे. शालू नाही म्हणाली. का, ते मी खोदून विचारले, तेव्हा म्हणाली, "पाट लावला की नेसत्या लुगड्यानिशी जायचं. खिडकी मागं ऱ्हाईल, आत्याबाई. चुलतसासरं त्याचीच वाट बघत्यात."

रीत तशीच आहे. आमच्या भावकीत पाटाला नाके मुरडतात. विधवेने पाट लावला की सासरचे सगळे सोडायचे, आणि कधी आलीच तर परसदाराने यायचे, पुढच्या दाराने नाही. नवऱ्याच्या इस्टेटीला ही रीत लावतात. पण हे घर नवऱ्याचे नाही, दिराचे नाही, मुलाचेही नाही. माझे आहे. म्हणून मी असे लिहून ठेवते, की शालूने पाट लावला तरी घर तिचेच. लोणंदला राहिली तरी तिचे, सुटीला आली तरी तिचे, पुढे मुले झाली तर त्यांचे. तिने आणि तिच्या माणसाने पुढच्या दाराने यावे. माझ्या आकारामच्या जागी दुसरा बसतो म्हणून मला दुःख होणार नाही असे नाही. होईल. पण घर बांधले ते माणसांनी राहावे म्हणून. मी एकटी गेल्यावर त्याला नुसते कुलूप लागावे म्हणून मी हाताला फोड आणले नव्हते.

कोणी हरकत घेतली तर त्यानेही पुढच्या दारानेच यावे आणि बोलावे. दार ठेंगणे आहे. आत येताना त्यालाही वाकावे लागेल.

कलम सातवे. हे सर्व पार पाडण्याचे काम धनपाल मगदूम मास्तर यांनी पत्करले आहे.

खाली बायकांच्या सहीच्या जागी बांगडीची निशाणी काढतात. मी ती काढत नाही. मला नाव लिहिता येते.

आज रात्री ग्रहण आहे आणि वेध लागल्यावर कोंडीबा कागदाला हात लावायचा नाही, म्हणून दुपारच्या आत मास्तरांनी त्याला हे सगळे वाचून दाखवले. तिसऱ्या कलमावर त्याने मास्तरांना थांबवले.

"वयनी, उलटं लाकूड म्हून ल्हिवलंय न्हवं?"

"लिहिलंय. खरं ते लिहिलंय."

तो उठून दाराशी गेला. चौकटीला खांदा लावून त्याने सगळ्या अंगाचा जोर दिला. मग परत येऊन बसला.

"मंग ह्येबी ल्हिवा," म्हणाला, "कोंडीबा सुतारानं आज हलवून बघितली. हलत न्हाई."

त्याच्या सांगण्यावरून लिहिले आहे.

सही
राहीबाई कोम नाथाजी घाडगे, दस्तुर खुद्द

आमच्यासमोर राहीबाईंनी वाचून, समजून सही केली. साक्षीदार:

१. कोंडीबा बिन रामा सुतार, राहणार उंब्रज. निशाणी किंकरे, म्हणजे सुताराचे हत्यार, स्वतःच्या हाताने काढलेली.

२. धनपाल आदाप्पा मगदूम, शाळामास्तर, मूळ राहणार सांगली, हल्ली उंब्रज. सही.

मुक्काम उंब्रज, मार्गशीर्ष पौर्णिमा, शके १८६८, रविवार, ता. ८ डिसेंबर १९४६.