घरची पहिली

साराजेव्हो, मंगळवार

प्रिय नेदीम,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडून टाकलं नाहीस, असं धरून चालते. घाबरू नकोस, मी आजारी नाही. गुडघा कुरकुरतो, पण ती त्याची जुनीच खोड. बातमी एवढीच की तुझ्या आईला आता कॉफीतलं कळतं. हसू नकोस.

वसंतापासून मी आणि शेजारची वहिदा शहरं फिरतोय. शनिवारी बसने जायचं, रविवारी परत. वहिदा गल्लीत सांगते की आम्ही नव्या तऱ्हेच्या कॉफ्या चाखायला जातो. खरं कारण तुला एव्हाना कळलं असेल. दोन वर्षं तू फोन उचलत नाहीस. तुझ्या मावसभावाकडून इतकंच समजलं होतं की तू झाग्रेबच्या कुठल्याशा दुकानासाठी कॉफी भाजतोस.

झाग्रेबच्या पहिल्याच दुकानात एका दाढीवाल्याने काचेच्या भांड्यातून चहासारखं पातळ काहीतरी ओतलं आणि यात जर्दाळूची चव लागेल म्हणाला. मी म्हटलं, जर्दाळू हवा असता तर बाजारात गेले असते. वर फेस नाही, तळाला गाळ नाही. वहिदाने साखरेचा खडा मागितला, तर त्याने तिच्याकडे असं पाहिलं की बिचारीने पर्स उघडून आपलाच खडा काढला. चौथ्या दुकानात तुझं नाव ओळखलं, पण तू बेलग्रेडला गेला होतास. बेलग्रेडच्या दुकानातल्या बाईंनी ल्युब्लियाना सांगितलं. त्यांच्याकडची इथिओपियाची कॉफी मात्र मी पुन्हा मागवली. गार होत गेली तशी ती गोड होत गेली. गार कॉफी मी जन्मभर कुंडीत ओतत आले रे. बाई म्हणाल्या, ही भाजणी नेदीमनेच त्यांना शिकवली. इतकं हायसं वाटलं की मला रडू फुटलं. वहिदा म्हणाली, कपात रडू नकोस, चव बिघडेल.

गेल्या शनिवारी ल्युब्लियाना. नदीजवळच्या गल्लीतल्या त्या बुटक्या दारातून आत गेले आणि समोर जेनिता उभी. तू तिला पहिल्यांदा घरी आणलंस तो दिवस आठवला. माझ्या आईची शिकवण तुलाही पाठ आहे: पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची, आणि तिसरी समोर आली की पाहुण्याने ओळखून उठायचं. तासही झाला नव्हता आणि मी तिसरी ठेवली. पोर आपल्याच मुलखातली, लगेच समजली. कपाला हात न लावता उठली. मी म्हणत राहिले, बोलता बोलता मोजणी चुकली. तू दारातून म्हणालास, "आई, एकदा खरं सांग, मग मी येईन."

तर जेनिताने मला खिडकीपाशी बसवलं. तू भाजायला गेला आहेस, पाचला येशील, म्हणाली. एक कॉफी आणून दिली. थोड्या वेळाने दुसरी. वहिदाच आम्हा दोघींच्या वाटचं बोलत होती. मग पाहते तर काय, ती पुन्हा माझ्याकडेच येत होती, हातात ट्रे आणि त्यावर कप. मी मनात म्हटलं, जशास तसं, तक्रारीला जागा नाही. पर्स उचलली आणि उठले.

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. पाहिलं तर ट्रेमध्ये कॉफी उकळायची तांब्याची जेझवा होती, आपल्याकडची, दांडा जरा वाकलेला, आणि बशीत साखरेचा खडा. ती म्हणाली, "बसा, आई. आधीच्या दोन दुकानाच्या होत्या. ही घरची पहिली."

मी खडा बुडवला, चावला, आणि कॉफी प्यायले. फेस अगदी जसा हवा तसा होता. मग मला तिला जे सांगायचं होतं ते सांगितलं. ती म्हणाली, हे मला त्याच दिवशी कळलं होतं, त्याला मात्र तुम्हीच सांगा. साडेचारला मी निघाले. तुला पाहायला जीव तुटत होता, पण तुझ्या तोंडाकडे पाहून मी पुन्हा खोटं बोलले असते. मला माझी खात्री नाही.

म्हणून हे कागदावर. नेदीम, त्या दिवशी मोजणी चुकली नव्हती. जेनिता तुला माझ्यापासून दूर नेणार या भीतीने मी तिसरी मुद्दाम ठेवली. जेझवा चुलीवर चढवताना मला पक्कं ठाऊक होतं मी काय करतेय. दोन वर्षं मी खोटं बोलले. झालं, लिहून झालं, आणि बघ, छप्पर काही कोसळलं नाही. उलट एवढं लिहून दुपारी आडवी झाले, तर कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली. आता तुझा शब्द तू पाळ. दोघं या. कॉफ्या मी मोजणार नाही.

तुझीच,
आई