टोप्या आठ होत्या

दि. ९ नोव्हेंबर, बुधवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य हाताच्या सवयीने लिहून झालं, आता खोडत नाही. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, जिना चढताना ओरडल्याने दुखणं कमी होत नाही, फक्त शेजाऱ्यांना कळतं. धाकटीची परीक्षा कशी गेली? माझा घसा बसलाय. पण तो हंगाम सुरू झाला की दर वर्षी बसतो, त्याचं काही विशेष नाही.

तू म्हणशील, परवाच तर बोललो, मग हा पत्राचा घाट कशाला? फोनवर तू विचारतेस, "आई कशी आहे रे?" आणि मी म्हणतो, "बरी आहे, विसरते जरा." चारदा झालं असं. पाचव्यांदाही माझ्या तोंडून तेच निघेल, एवढं मी स्वतःला आता ओळखतो. म्हणून कागद घेतला.

रविवारी तू टेम्पो घेऊन येणार, तुझ्या आईचं, म्हणजे माझ्या मावशीचं, घर आवरून तिला तुझ्याकडे नेणार. ते या पत्राचं शेवटचं पान वाचेपर्यंत ठरवू नकोस, एवढंच आधी मागतो. त्या सहलीच्या दिवसाबद्दल मी तुला जे सांगितलं ते सगळंच काही तसं नव्हतं.

आमची सहल तुला माहीत आहे. आठ माणसं, एक गाडी, चार देवळं आणि शेवटी नदीत तासभर नाव. देवळं हजारेक वर्षांची, नाव गेल्या वर्षीची. पंधरा वर्षं मी लोकांना ही देवळं दाखवतोय आणि मावशीने ती एकदाही पाहिली नव्हती. माझ्या गाइडच्या परवान्याच्या परीक्षेला तिनेच सगळं पाठ करून घेतलं होतं. ती भांडी घासायची, मी ओट्याशी उभा राहून देवळं म्हणायचो, आणि चुकलं की तोंडावर पाण्याचा शिंतोडा. तू आतून ओरडायचीस, "त्याला भिजवू नकोस, सर्दी होईल!" तर त्या दिवशी सकाळी एका प्रवाशाने येणं रद्द केलं आणि एक जागा मोकळी झाली. मी मावशीला म्हटलं, चल.

कंपनीचा नियम आहे, घरचं माणूस गाडीत घ्यायचं नाही. शिवाय मुख्य गाइडची जागा भरायची होती, आणि वरून कोणीतरी साधा प्रवासी बनून आमचं काम बघायला येणार अशी कुणकुण होती. म्हणून मी तिला बजावलं, "आज तू मला ओळखत नाहीस. कोणी म्हणजे कोणीही विचारलं तरी."

"म्हणजे नाटक!" ती म्हणाली. एवढी खूश झाली की विचारू नकोस. गाडीत चढताना मला म्हणते, "अहो गाइड, पायरी जरा उंच आहे तुमची."

नियम हे कारण झालं. पण नियम नसता तरी मी तेच सांगितलं असतं, ताई. तिची ती जुन्या पडद्याची शिवलेली पिशवी आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेला तो खणखणीत आवाज. चारचौघांत मला तिची लाज वाटत होती. जिच्या घरात वाढलो तिची.

गाडीत एक वहीवाले गृहस्थ होते. जिथे थांबू तिथे वही काढून काहीतरी टिपायचे. माझी खात्रीच झाली की वरून आलेला माणूस हाच. दुसऱ्या देवळात त्यांच्या धास्तीने मी खांबांची संख्या चुकवली. साठ म्हणालो. मागून आवाज आला, "अहो गाइड, चौसष्ट ना?" सगळे हसले. वहीवाल्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मावशीकडे असं पाहिलं की तिचा चेहराच उतरला. तिथून पुढे ती मागे मागेच राहिली आणि एक शब्द बोलली नाही. ती मला मदत करत होती हे मला तेव्हाही कळत होतं.

चौथ्या देवळापाशी तिचे पाय भरून आले. ती मागच्या बाजूला पायरीवर, सावलीत बसली.

आता आमची मोजणी कशी असते ते सांगतो. आम्ही माणसं मोजत नाही, टोप्या मोजतो. गर्दीत डोकी एकमेकांत मिसळतात, पण कंपनीची पिवळीजर्द टोपी लांबूनही दिसते. गाडी सुटायच्या आधी मी पुढे उभा राहून टोप्या मोजल्या. आठ होत्या. ड्रायव्हरला म्हटलं चला. प्रवाशांतल्या एका जोडप्याची दोन वर्षांची मुलगी होती, आईच्या मांडीवर बसणारी, तिचं तिकीट नाही आणि तिला टोपीही नाही. उन्हाने ती लालबुंद झाली म्हणून मावशीने आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली होती. म्हणून आठ.

इथवरचं मी तुला फोनवरही सांगू शकलो असतो. गाइडची चूक झाली, हसून सोडून दिलं असतंस तू, किंवा चार शिव्या दिल्या असत्यास. एवढ्यावरच असतं तर मी पत्र लिहायला बसलोच नसतो.

गाडी निघून दहा मिनिटं झाली असतील. पेट्रोल पंपापाशी मी मागे वळून पाहिलं तर ती चिमुरडी आईच्या खांद्यावर झोपलेली, टोपी घसरून पार हनुवटीपर्यंत आलेली. मला हसू आलं. आणि मग आठवलं, हिला तर टोपी दिलेलीच नव्हती. मागचं सीट रिकामं होतं आणि त्यावर मावशीची पिशवी. फोन पिशवीत.

आमचे ड्रायव्हर, ज्यांना आम्ही मिशा म्हणतो, त्यांनी आरशातून माझं तोंड पाहिलं असावं. हळूच म्हणाले, "काय झालं? थांबवू का गाडी?"

मी म्हणालो, "काही नाही. चला."

ताई, मला कळलं होतं. मी तुला म्हटलं ना, नदीवर गेल्यावर लक्षात आलं? नाही. दहा मिनिटांत लक्षात आलं होतं. मागे फिरलो असतो तर साडेचारची शेवटची नाव चुकली असती, लोकांनी आरडाओरडा केला असता, वहीवाल्यांनी लिहिलं असतं. मी मनाशी म्हटलं, मावशीच आहे, बसेल. दोन तासांनी जाऊन आणू. दुसरं कोणी राहिलं असतं ना, अगदी गाडीतला तो सकाळपासून कुरकुरणारा प्रवासी, तरी मी त्याच क्षणी गाडी वळवली असती. परक्याला मी सोडलंच नसतं. आपलं माणूस होतं म्हणून सोडलं.

गाडीत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी विचारलं, "त्या बाई कुठे गेल्या हो, चौसष्टवाल्या?" मी म्हणालो, "त्यांना बरं वाटेना, दुसऱ्या गाडीने परत गेल्या." इतक्या साळसूदपणे म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. मग नावेत बसलो. मी नदीची माहिती सांगितली, नेहमीचे तीन विनोद केले, तिन्हींना लोक हसले. उतरताना टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मी फार छान बोललो, असं सगळे म्हणत होते.

तिकडे काय झालं ते मला पहारेकऱ्याने नंतर सांगितलं. बंद करायच्या वेळी त्याला मावशी पायरीवर दिसली. तो म्हणाला, "आजी, उठा, फाटक लावायचंय." ती उठेना. म्हणाली, मला न्यायला येणार आहेत. त्याने विचारलं, कोण? कुठली कंपनी? गाइड कोण होता? प्रत्येक प्रश्नाला तिने एकच उत्तर दिलं, "आठवत नाही."

तो घाबरला. घरातल्या कोणाचा नंबर आहे का विचारलं. तर तिने तुझा नंबर धडाधड सांगितला, दहाच्या दहा आकडे, आणि वर म्हणाली, "नीट लिहा, शेवटचे दोन पाच आहेत." माझा नंबर दिला नाही. ती मला ओळखत नव्हती ना.

त्याने तुला फोन केला आणि सांगितलं, तुमच्या आईला काही आठवत नाहीये. तुझी पाचावर धारण बसली. तू मला फोन केलास तेव्हा मी नदीकाठी लोकांचे फोटो काढून देत होतो. तू रडत होतीस. तेव्हा एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मी काय बोललो ते तुला पाठ असेल, पण माझ्या अक्षरात असावं म्हणून लिहितो: "अगं, मी तिला दोनदा सांगितलं होतं, साडेतीनला गाडीपाशी ये म्हणून. विसरली बहुतेक. हल्ली विसरतेच ती."

साडेतीन असं मी तिला कधी म्हणालोच नव्हतो. मी म्हणालो होतो, "इथेच बस. मी बोलवायला येतो. मी आल्याशिवाय उठू नकोस." ती तशीच बसून राहिली होती.

पुढचं तुला माहीत आहे. तू आलीस, डॉक्टर झाले. डॉक्टरांनी तिला विचारलं, त्या दिवशी काय घडलं? ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघत होतो. मग ती म्हणाली, "माझंच चुकलं, मी रेंगाळले." तिने मला सावरून घेतलं आणि मी घेऊ दिलं. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं, एकटं ठेवू नका. त्यात त्यांचा काही दोष नाही, मी त्यांना जे सांगितलं त्यावरच ते बोलले.

मला वाटलं होतं, ती नाटक निभावतेय. पहिले काही दिवस निभावतही असेल. पण गेल्या आठवड्यात गेलो तर शेगडीवर चिठ्ठी, "बंद केली." दाराला चिठ्ठी, "किल्ली घेतली का." जिला सहाशे नंबर तोंडपाठ होते ती दुधाच्या पातेल्यावर चिठ्ठी लावून बसलीय. मला म्हणाली, "तू साडेतीन म्हणाला होतास ना रे? मी खूप आठवून बघते. मला ते अजिबात ऐकू आलेलं आठवत नाही. सारखं वाटतं, तू बोलवायला येतो म्हणाला होतास. डोकं काहीतरी भलतंच जुळवतंय बघ. ताई म्हणते तेच बरोबर, आता एकटीने राहण्यात अर्थ नाही."

मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

काल मात्र गेलो. ठरवूनच गेलो. ती कपाट आवरत होती, तुझ्याकडे काय न्यायचं नि काय नाही याचे दोन ढीग घातले होते. मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पेट्रोल पंपही सांगितला. "मावशी, तू काही विसरली नाहीस. मी बोलवायला येतो असंच म्हणालो होतो. मी खोटं बोललो," असं शब्दन् शब्द म्हणालो. मला वाटलं ती मला मारेल. मारायला हवं होतं तिने.

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "वेडा आहेस का रे? मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतोस होय? नको असं करूस. मला सवय होईल." मी पुन्हा सांगितलं, रडलो. तितका तिचा विश्वास पक्का होत गेला, की माझा भाचा किती गुणी. "तू मला टाकून जाशील? तू?" असं म्हणून ती हसली आणि पुन्हा कपाटाकडे वळली.

ताई, माझं खरं आता तिच्या उपयोगाचं राहिलेलं नाही. तिचा माझ्यावर आहे तेवढा स्वतःवर विश्वास नाही, आणि तो मीच घालवला. म्हणून तू सांग. तुझं ती ऐकेल. तुलाही मी खोटाच वाटेन, आणि वाटलो तर तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या शब्दावर काहीच भरवसा ठेवू नकोस. हे पत्र घेऊन जो माणूस तुझ्या दारात उभा आहे, तेच मिशा. त्या दिवशी गाडी तेच चालवत होते. त्यांना नुसतं पत्र देऊन परतू नका, आत बसा, असं सांगून पाठवलंय. पेट्रोल पंपापाशी त्यांनी मला काय विचारलं आणि मी काय म्हणालो, ते त्यांच्या तोंडून ऐक. मग त्यांच्याच गाडीत बसून मावशीकडे ये आणि तिच्यासमोर त्यांना पुन्हा बोलायला लाव. सकाळी निघालात तर दुपारपर्यंत पोचाल.

कंपनीला मी आज सकाळी लेखी दिलंय. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

मी घरीच आहे. तुम्ही बोलवाल तेव्हा येईन, त्याआधी येणार नाही. तिचा राग मला हवाय, ताई. तो आला की समजेन, तिला पटलं.

तू भाऊ म्हणायचीस तो