पत्र्यावर सुकवलेली एपॉक्सी

२३ एप्रिल
कॉलेजच्या मुलांचं रॉकेट पडलं. वर जाताना चौथ्या सेकंदाला एक फिन, शेपटाकडची पंखासारखी पट्टी, सुटली, मग गिरक्या, मग शेतात तुकडे. कोणाला लागलं नाही, एवढंच. परतताना बसमध्ये मृणाल, टीमची कॅप्टन, हडपसर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. उतरताना म्हणाली, "सर, फिनचं डिझाइन माझं होतं." वर्कशॉपचा इन्स्ट्रक्टर मी. फिन चिकटवल्या मी.

२५ एप्रिल
तुकडे टेबलावर मांडले. फिन शाबूत, ती चिकटवलेला रॉकेटच्या नळीचा भाग शाबूत. जोडातली एपॉक्सी, म्हणजे चिकटवायचा गोंद, इंधन जळणाऱ्या मोटरच्या उष्णतेनं मऊ पडून सरकलेली. मुलांचं ठरलं: एपॉक्सीच कुचकामी, जास्त उष्णता सोसणारी आणू. किती अंश सोसते, ते डब्यांवरचे आकडे मोठमोठ्यानं वाचत होते. तो आकडा जोड ओव्हनमध्ये भाजल्यावरच मिळतो, हे मीच शिकवलंय. लॉगबुकात माझ्याच अक्षरात आहे: ओव्हन, १२० अंश, ४ तास. खाली सही.
ओव्हन लावलाच नव्हता.

२६ एप्रिल
इथे तरी खरं लिहावं. ओव्हन कॉलेजातल्याच देशमुखांच्या लॅबमध्ये. दोन वर्षांपूर्वी शब्दानं शब्द वाढला, तेव्हापासून त्यांच्या दारात पाऊल टाकायचं नाही असं ठरवलेलं. गच्चीत सौ.चं वाळवण होतंच. तिथला पत्रा तापून हात लावू देत नव्हता. म्हटलं, एवढं ऊन असताना ओव्हन कशाला? कुरडयांशेजारी दोन दिवस ठेवली नळी. खडखडीत झाली. पण कडक होणं वेगळं, उष्णता सोसणं वेगळं. तीस वर्षं हेच काम करतोय आणि... लाज वाटते.

२९ एप्रिल
मृणालनं कॅप्टनपद सोडल्याची चिठ्ठी दिली. प्रोजेक्टही बदलून मागितलाय. "एपॉक्सी माझ्याच कॅल्क्युलेशनवरून निवडली होती, तेच चुकलं सर. मला नाही जमत हे." बाकीची मुलं तिला टाळतात. "अगं, थांब जरा," एवढंच म्हणालो. भित्रा माणूस.

३० एप्रिल
देशमुखांकडे गेलो. "अरे वा, वाट चुकलात?" म्हटलं, ओव्हन हवाय. पुढे काही न विचारता किल्ली दिली. तेच जास्त लागलं.
जुन्याच डब्यातल्या एपॉक्सीचे दोन जोड केले. एक गच्चीत, एक ओव्हनमध्ये.

३ मे
दोन्ही जोडांना वजन टांगून ते एकत्र तापवले. गच्चीतला दहा मिनिटांत सरकला, वजन खाली. ओव्हनमधला हलला नाही. एपॉक्सी चांगली होती. मृणालचं डिझाइनही.

४ मे
मृणालला बोलावलं, दोन्ही जोड हातात दिले, सगळं सांगितलं. गच्ची, देशमुख, खोटी सही. सरकलेला जोड तिनं बोटानं चाचपला. मग, "अकरा दिवस मी तेच तेच आकडे तपासतेय सर. रोज." माफी मागितली. तिनं माफ केलं असं वाटलं नाही. दारातून वळून म्हणाली, "उद्या साडेअकराला मीटिंग आहे, नवी एपॉक्सी ठरवायला. मी कोणाला काही सांगणार नाही. तुम्ही या."

५ मे
सव्वादहा. इस्त्रीचा शर्ट घातलाय, कशासाठी कोण जाणे. सौ. दोनदा विचारून गेली, एवढे गप्प का? तिलाही सांगितलेलं नाही अजून. ही मुलं मला सर म्हणतात. दुपारनंतर म्हणतील का, माहीत नाही. रिक्षा आली.