पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज दवाखान्यात मीच आम्हाला आत बोलावलं!

"टोकन क्रमांक सत्तेचाळीस, खोली क्रमांक दोन." सत्तेचाळीस सासूबाईंचं, मोतीबिंदूसाठी. त्या भिंतीवरच्या स्पीकरकडे बघत म्हणाल्या, "ऊठ गं, तूच बोलवाय लागलीस की!" शेजारची बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी ओढणी नाकापर्यंत घेतली.

डॉक्टरांशी काहीच बोलले नाही. सासूबाईच बोलल्या.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

भाजीवालीला नुसतं बोटानं दाखवलं. कोथिंबीर. चार वांगी. तिला वाटलं असेल, मुकी आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

नवं गिऱ्हाईक — शहापुरातलं साडीचं दुकान. मालकानं आमच्या वेबसाइटवर चार ओळी टाईप केल्या, आवाजांच्या यादीतून 'पूर्णिमा' निवडली, नंबर चढवले, बटण दाबलं. दुपारपर्यंत मी चाळीस हजार घरांत बोलून आले होते. आणि खुर्चीतून उठलेही नव्हते.

पूर्णिमा म्हणजे मी. आमचे मालक किशन सर म्हणाले, "करिष्मा नको, पूर्णिमा शांत वाटतं." तीन वर्षांपूर्वी मच्छे गावातल्या ऑफिसच्या शेडमध्ये भिंतींना गाद्या टांगून एकोणीस दिवस वाक्यं वाचली. "तळ्याकाठी सात बगळे बसले." "आज पेरू कच्चे निघाले." असली! त्यातून मशीन माझं बोलणं शिकलं. आता ते मी कधीच न म्हटलेलं बोलतं — पतपेढीत, दवाखान्यात, शाळेच्या निरोपांत. मी ऑफिसात बसून कुठला फोन लागला, कुठला कापला, त्याच्या नोंदी बघते. म्हणजे तिची कारकून!

खरं तेही एकदा लिहून टाकते. आप्पा — माझे वडील, मारुतीराव — संकेश्वरजवळच्या साखर कारखान्यात फोनवर बसायचे. सव्वीस हंगाम. "तुमच्या उसाला तोड आली, उद्या टोळी येतीया." एकेका शेतकऱ्याला, नावानं. शाळेच्या सुट्टीत मी शेजारी स्टुलावर बसून यादीतली नावं वाचून दाखवायची. घाईत वाचलं की टपली बसायची. "शेपूट गिळू नको, करी! माणूस वाऱ्यात उभा असतो. शेवटचा शब्द त्याच्यापत्तोर पोचला पाहिजे." माझा आवाज एवढा स्वच्छ कसा, म्हणून किशन सर कौतुक करतात. तो असा.

मग त्याच कारखान्यानं आमची सेवा घेतली. मला माहीत होतं. आवाज निवडायच्या बैठकीत मी चहाचा कप धरून बसले होते. आप्पांना सांगितलं नाही — आज सांगू, उद्या सांगू. पहिल्या चाचणीला कारखान्याच्या ऑफिसात स्पीकरवर माझाच आवाज आला, सगळ्यांसमोर. त्याच आठवड्यात आप्पांची खुर्ची गेली.

"मी शिकिवलेलं माझ्यावरच घातलंस. हितनं पुढं तुझा आवाज माझ्या कानावर नगो." दोन वर्षं झाली.

घरचा दीड एकर ऊस आहे, म्हणून कारखान्याचे निरोप त्यांनाही जातात. नोंदीत बघते मी, चोरून. दर वेळी दोन सेकंद. "नमस्कार" म्हणायला दीड सेकंद लागतो. तेवढं होतं आणि कापतात.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आप्पांच्या शेजारच्या बायाक्काचा फोन. आप्पा न्हाणीत घसरले. पाय मोडला, प्लास्टर, दीड महिना खुर्चीतच. डबा खाणावळीचा लावून दिलाय, कारण ती स्वतः लेकीच्या बाळंतपणाला निपाणीला चालली आहे.

"मी येऊ का?"

"नगो बाई. तुझं नाव काढलं की ताट सरकवतोय त्यो."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी गच्चीवर सूत वाळत घालत होते. मागून काहीतरी सप्पकन डोक्यावर बसलं. जड. केसांत नखं. मी ओरडले — खाली चार यंत्रमाग खडखडत होते, कुणाला ऐकू गेलं नाही. मग ते उडालं. कावळा!

सासूबाईंना हसत हसत सांगायला गेले. त्या हसल्या नाहीत. हातातली सुताची कांडी खाली ठेवली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सासूबाईंचं एकच चाललंय. "डोस्क्यावर कावळा बसला म्हंजी बोलावणं आलं गं. माहेरी सांगावा धाडायचा, बाई गेली म्हणून. रक्ताच्या माणसानं रडायचं. रडलं की बोलावणं फिटलं. मग खरं काय ते सांगायचं."

वाटलं होतं, शिवराज, माझा नवरा, तरी माझ्या बाजूनं बोलेल. तर म्हणतो, "आमच्या आत्यालाबी केलतं. समदी रडली, मग तिच्याच हातचा चहा पिऊन गेली. काय बिघडलं?"

माझा विश्वास नाही. लिहून ठेवते: विश्वास नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

केस तीनदा धुतले. नखं अजून आहेत तिथं.

१ डिसेंबर, रविवार

हो म्हणाले.

का म्हणाले? कावळ्याच्या भीतीनं नाही. आई गेली, भाऊ नाही, रक्ताचं माणूस एकच उरलं आहे. आणि मला बघायचं आहे — रडतील का? ज्या माणसाला माझा 'नमस्कार' पुरा ऐकवत नाही, तो माझ्यासाठी रडेल का? एवढंच बघायचं आहे. किती नीच आहे मी!

पण सांगणार कोण? सासूबाई म्हणाल्या, "माझ्या तोंडानं नगो बाई असलं अभद्र." शिवराज मागाचं काम काढून पळाला. मग सासूबाईंनाच सुचलं. "तुमच्या त्या मशीनला सांग की. त्याला कुठं तोंड हाय! त्याला पाप लागत न्हाय."

आणि अट घातली — सांगावा गेल्यावर तीन दिवस माहेरच्यांना तोंड दाखवायचं नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

केलं.

साडेदहाला. सर बँकेत गेले होते. यादीतून 'सिद्राम' निवडला. आमचा पुरुषाचा आवाज, महिन्याभरापूर्वीचा नवा. आप्पांनी कधी ऐकलेला नाही. मजकूर मी टाईप केला: "मारुतीराव, तुमच्या लेकीच्या सासरहून, वडगावातून बोलतोय. वाईट बातमी आहे. तुमची मुलगी करिष्मा काल वारली. माती झाली. पाय दुखावलाय तुमचा, येऊ नका." टाईप करून झाल्यावर शुद्धलेखन तपासलं. सवयीनं!

तासाभरानं दुसरा निरोप, माझ्या आवाजात. म्हणजे तिच्या. मी स्वतः का नाही बोलले? वाटलं, ती नीट बोलेल. "आप्पा, मी करिष्मा. मघाची बातमी खोटी आहे. डोक्यावर कावळा बसला होता, म्हणून सांगावा धाडला. मी सुखरूप आहे."

एक गोष्ट विसरले. आमच्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी मशीन आपणहून एक वाक्य जोडतं — "पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा." पहिल्यालाही जोडलं असणार. लेक मेली, पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा. देवा!

नोंद बघितली. पहिला निरोप अठरा सेकंदांचा. फोन चालला चार मिनिटं बारा सेकंद. दुसरा निरोप वीस सेकंदांचा. फोन चालला सव्वीस मिनिटं.

दोन्ही कापले नाहीत. सव्वीस मिनिटं काय करत होते?

सासूबाईंना सांगितलं, फोन लागला. त्यांनी देवापुढं साखर ठेवली. मला ती खाववेना.

४ डिसेंबर, बुधवार

शेतकरी मशीनलाच तक्रारी सांगत बसतात, म्हणून पलीकडचं बोलणं रेकॉर्ड होतं. ऐकू नये ते ऐकलं. हेडफोन घातले, भिंतीकडे तोंड केलं.

पहिला फोन. सिद्राम बोलून थांबतो. मग आप्पा —

"कोण बोलताय? ... हॅलो? ... काय झालतं तिला? ... अहो, ताप होता का काय होतं? ... कुणी होतं का जवळ?"

मशीनला विचारत होते. मशीनजवळ त्या चार ओळींपलीकडे काही नाही. आप्पा थांबून थांबून विचारत राहिले, फोनवरचा माणूस विचार करतोय असं समजून. "दवाखान्यात न्हेलतं का? ... बोला की वो."

मग खुर्ची करकरली. आणि रडले.

मला हवं होतं ते मिळालं! घे! आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नाही. बापाला माझ्यासाठी रडताना ऐकलं आणि एक क्षण — एकच क्षण — बरं वाटलं. तेही इथं लिहून ठेवते, म्हणजे पुढं नाकारता येणार नाही.

दुसरा फोन. ती बोलते: आप्पा, मी करिष्मा. मी सुखरूप आहे. स्वच्छ, शांत, एकही अक्षर न गिळता. मला वाटलं, आता "अगं!" म्हणतील. शिव्या देतील. दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

काही नाही. नुसता श्वास. मग — टूं.

नऊ दाबला.

ती पुन्हा बोलली. पुन्हा टूं. अठ्ठेचाळीस टूं मोजले मी. मध्येच एकदा हळू म्हणाले, "बोल बाळ, बोल." निरोपाला नाही, आवाजाला. ती काय सांगते आहे ते त्यांच्या कानात शिरतच नव्हतं. मशीन काय वाटेल ते म्हणतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक! सुखरूप आहे म्हणेल, तोड आली म्हणेल. पोरगी गेली, आवाज कारखान्यानं ठेवून घेतला — असंच धरून बसलेत.

सर म्हणाले, "काय झालं, डोळे कशानं सुजले?" मी म्हटलं, कावळा. ते हसले.

५ डिसेंबर, गुरुवार

बायाक्काला निपाणीला तीनदा फोन लावला. बंद.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत, मच्छेच्या रस्त्यावर झाडाखाली उभी राहून, माझ्या मोबाईलवरून मीच लावला. हा नंबर त्यांच्याकडे नाही. माझ्या तोंडानं. तीन दिवस तोंड दाखवायचं नाही म्हणे — आवाजाला कुठं तोंड असतं!

पहिल्याच रिंगला उचलला. ट्रक जात होते, म्हणून अगदी स्पष्ट बोलले. आप्पांनी शिकवलं तसं. शेवटचा शब्द पोचला पाहिजे.

"आप्पा, मी करिष्मा बोलते आहे. खरीच मी आहे. मी जिवंत आहे."

श्वास.

टूं.

"आप्पा, मशीन नाही हो हे! मी आहे!"

टूं.

पुन्हा सांगितलं. पुन्हा टूं. एक-एक वाक्य, आणि नंतर नऊ. जितकं नीट सांगावं तितकी मी तिच्यासारखी होत होते. माझ्याजवळ तिच्याहून वेगळं काहीच राहिलं नाही. एकोणीस दिवसांत सगळं देऊन आले मी! झाडाखाली उभी राहून सहा वेळा म्हटलं, मी जिवंत आहे. सहाव्यांदा मलाच खरं वाटेना.

फोन मीच ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी नाही.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. "उद्या जा," म्हणाल्या. "पैल्या गाडीनं. माझं चुकलं गं."

६ डिसेंबर, शुक्रवार. संकेश्वर.

दार उघडंच. आप्पा पाठमोरे, पाय स्टुलावर — कारखान्यातून घरी आणलेल्या माझ्याच स्टुलावर. खाणावळीचे डबे न उघडलेले. हातात तो बटणांचा फोन.

बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. दारातून म्हटलं, "आप्पा." वळले नाहीत. अंगठा नऊवर गेला. मी पुढचं म्हणायला लागले, "आप्पा, मी आ—" आणि 'आले' घशातच राहिलं. रडूच फुटलं.

अंगठा थांबला.

"शेपूट गिळलंस, करी," म्हणाले. मग मान वळवली.